तूर विकायची, डाळ विकत घ्यायची

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर शहर ओस पडतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, दुकानांची शटरं खाली येतात आणि दुचाक्या, जीपा, टेम्पो शिवाराच्या वाटेला लागतात. ही वेळ अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस. शेतात कडब्याची कोप उभी करून तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. ज्याला शेत नाही तो सोयऱ्याच्या, मित्राच्या शेतावर जेवायला जातो, आणि त्याला बोलावणं असतंच. बाजरीचे उंडे, आंबील, धपाटे आणि या सगळ्यात मानाची भज्जी. त्या हंगामात शिवारात जे जे हिरवं असेल ते सगळं भज्जीत पडतं: तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजर, वर हरभऱ्याचं पीठ आणि चिंचेचा कोळ.

भज्जीचं सामान एकेकाळी बांधावरून फिरून गोळा व्हायचं. आता येळवशीच्या आदल्या दिवशी लातूर, औसा, निलंगा, उदगीर इथल्या बाजारात भज्जीच्या भाज्यांचे ढीग लागतात, आणि ते ढीग विकत घेणाऱ्यांत शेतकरी कुटुंबंही असतात. सणाला शेतात जेवायला जायचं, पण जेवणातलं बरंचसं पिशवीतून शेतात न्यायचं. या प्रकरणाचा विषय इथूनच सुरू होतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू पट्ट्यात एवढ्या जमिनीवर, घरच्याच माणसांच्या कष्टावर चालणारं शेत टिकणार कशावर? उतारा वाढवा, खत बदला, ठिबक करा, हे सल्ले चुकीचे नाहीत. पण शेतातून निघालेला माल कुणाच्या तरी ताटात पोचेपर्यंत अनेक टप्पे पार करतो. त्यातले किती टप्पे त्या कुटुंबाच्या, त्या गावाच्या, फार तर त्या तालुक्याच्या हातात राहतात, यावर घरच्या शेताचं आयुष्य ठरतं, असं माझं मत आहे. मराठवाड्यात हे टप्पे गेल्या तीन-चार दशकांत एकेक करून हातातून गेले. ते परत कसे आणता येतील याची काही उत्तरंही याच मातीत शोधली गेली आहेत.

*

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रेल्वेमुळे लातूरची पेठ वाढली, आसपासच्या तालुक्यांतला कापूस, तेलबिया आणि कडधान्यं इथं येऊ लागली. पुढे इथं आणि उदगीरला डाळ मिल उभ्या राहिल्या. आज लातूरच्या बाजार समितीतला तुरीचा आणि सोयाबीनचा भाव देशभरातले व्यापारी पाहतात. लातूरच्या मिलमधून निघालेली तूरडाळ दूरदूरच्या राज्यांत जाते, आणि या मिलमध्ये गरजेप्रमाणे म्यानमारची, मोझांबिकची, टांझानियाची तूरही भरडली जाते. एवढा मोठा डाळ उद्योग दाराशी असणं ही या भागाची ताकद आहे, हे आधी मान्य करायला हवं.

शेतात मात्र ज्वारीचं राज्य होतं. ज्वारी, तिच्यात तुरीचे तास, रब्बीला करडई, जवस, हरभरा. ज्वारीची भाकरी माणसांना, कडबा जनावरांना, तुराट्या चुलीला आणि कुडाला, करडईचं तेल फोडणीला. कंधार, मुखेड, लोह्याकडची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी या गोवंशांची पैदास याच कडब्यावर झाली. ही जनावरं ऊन सोसणारी, कामाला चिवट, शेणखत देणारी. गावात घाणा होता, घरात जातं होतं. पैसा कमी होता, हेही खरं. त्या काळाला सुवर्णयुग म्हणायचं काहीच कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात याच शिवारातली माणसं खडी फोडायला गेली.

मग सोयाबीन आलं. १९८० च्या दशकात तुरळक आणि त्यानंतर झपाट्यानं. शेतकऱ्यानं ते का घेतलं हे समजून घेतल्याशिवाय त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. शंभर-एकशेदहा दिवसांत पीक हाती येतं, त्याच रानात हरभरा घेता येतो, मळणीयंत्रानं दिवसात रास होते, पाखरं राखावी लागत नाहीत आणि पोत्याला त्याच दिवशी गिऱ्हाईक मिळतं. ज्वारीच्या काढणीला मजूर मिळेनासे झाले तेव्हा सोयाबीननं अनेक घरं सावरली.

पण सोयाबीनमधलं काहीही घरात खाल्लं जात नाही. सगळं विकायचं आणि सगळं विकत आणायचं. गुळीला जनावर फारसं तोंड लावत नाही, म्हणून कडब्याबरोबर दावणही ओसरली. शेणखत कमी झालं, रासायनिक खताचा खर्च वाढला. करडई गेली, घाणा गेला, फोडणीला पिशवीतलं तेल आलं. भारत आपल्या गरजेचं निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. आज लातूरच्या शेतकऱ्याच्या कढईतलं तेल कदाचित इंडोनेशियातल्या पामचं असतं, आणि त्याच्या स्वतःच्या तेलबियांचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०२१ च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेलं. ते पाहून लोकांनी पेरा वाढवला. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या घरात आला. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि दसरा-दिवाळीला आडतीवर त्याहून कमीनं सौदे झाले. भाव पडला तर पोटात घालायलाही उपयोगी न पडणारं पीक, तेही सलग शिवारभर. त्यात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुखेडपासून औशापर्यंत अतिवृष्टीनं रानं पाण्याखाली गेली. एकाच पिकावर सगळं घर उभं असेल तर असं पाणी सगळंच घेऊन जातं.

*

आता तुरीकडे येऊ. तूर या भागातल्या प्रत्येक घरात रोज शिजते, तरी शेतकरी तूर विकतो आणि डाळ विकत घेतो. आई-आजीच्या पिढीत उन्हाळा लागला की वर्षाची डाळ घरी व्हायची. तूर रात्रभर भिजवायची, कडक उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची. चुणी गाईला जायची. काम कष्टाचं होतं आणि ते सगळं बायकांच्या अंगावर होतं. जातं बंद झालं याचं दुःख करण्यात अर्थ नाही. जात्याच्या जागी गावात काहीच आलं नाही, दुःख त्याचं आहे.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. दुसऱ्याच वर्षी पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून बराच कमी भाव निघाला. खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, बारदाना संपला, लोक ट्रॅक्टर लावून दिवस-दिवस बसून राहिले. शहरातल्या डाळीचा भाव वर गेला तेव्हा शेतकऱ्याकडे तूर नव्हती आणि तूर होती तेव्हा भाव नव्हता.

मधल्या टप्प्यांत किती पैसा असतो, याचा अंदाज देणारे आकडे उपलब्ध आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ग्राहकाच्या एका रुपयातले किती पैसे शेतकऱ्याकडे जातात हे काढलं आहे. तुरीत सुमारे ६५ पैसे, हरभऱ्यात ७५. टोमॅटोत मात्र ३३ आणि कांद्यात ३६. या आकड्यांनी मला माझाच एक आवडता समज तपासायला लावला. डाळ मिल टाकली की शेतकरी श्रीमंत होईल, असं कार्यशाळांतून सांगितलं जातं. हिशेब करून पाहू.

समजा एका गटानं हमीभावानं, म्हणजे २०२४-२५ च्या ७,५५० रुपयांनी, एक क्विंटल तूर घेतली. छोट्या मिलवर तिची साधारण ७० किलो डाळ निघेल. ती १३० रुपये किलोनं थेट घरोघर विकली तर ९,१०० रुपये येतील. चुणीचे थोडे पैसे वेगळे. मधल्या दीड हजारात तेल-पाणी लावून वाळवणं, वीज, मजुरी, चाळणी-निवडणी, पिशवी, वाहतूक, आणि न खपलेल्या मालाला लागणारा भुंगा हे सगळं बसवायचं. हाती राहतात पाच-सातशे रुपये. तीच डाळ आडतीवर किंवा ठोक व्यापाऱ्याला विकली तर तेही राहत नाहीत, कारण तिथं समोर मोठ्या मिल आहेत, त्यांचा उतारा जास्त आणि टनामागचा खर्च कमी. लहान मिल चालते ती फक्त तिची डाळ खाणारी घरं ठरलेली असतात तेव्हा. गिऱ्हाईक आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम उलटा झाला की समाजमंदिराच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलेली यंत्रं दिसतात.

यंत्र मात्र चांगलं आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी दालमिल विदर्भ-मराठवाड्यात बचत गटांनी आणि तरुणांनी मोठ्या प्रमाणात घेतली. खरखरीत रोलरवर तुरीचं टरफल खरवडलं जातं, तेल-पाण्याचा हात देऊन माल उन्हात पडतो, मग दुसऱ्या फेरीत डाळ सुटते. गावातल्या घरांना आपलीच तूर भरडून द्यायची आणि भरडाई घ्यायची, हा या मिलचा सगळ्यात सुरक्षित धंदा. त्यात माल विकत घ्यायला भांडवल लागत नाही. शेतकऱ्याच्या घरात दुकानाची डाळ येणं थांबतं. हा नफा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, पण पाच माणसांच्या घरात तो वर्षाला सहज काही हजारांचा असतो. मला तो आधी मोजावासा वाटतो.

शरद जोशींनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेच्या मंचावरून चतुरंग शेतीची मांडणी केली होती: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. माजघर शेती म्हणजे शेतातला कच्चा माल घरातच, घरच्या साधनांनी, थोडी प्रक्रिया करून विकायचा. आंदोलनाचा आणि रस्ता रोकोचा नेता अशी ज्यांची ओळख, त्यांनी स्त्रियांच्या हातातल्या या कामाला शेतीच्या अर्थशास्त्रात बसवलं होतं. संघटनेच्या इतिहासात या मांडणीला भावाच्या लढ्याएवढी जागा मिळाली नाही. मला ती त्यांची सर्वात दूरदृष्टीची कल्पना वाटते.

*

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड-मातीची धाब्याची घरं कोसळली होती. पुनर्वसनाच्या सरकारी कार्यक्रमात घर कसं बांधायचं, पैसे कसे मिळणार, कागद कुठं द्यायचे हे लोकांपर्यंत नेण्यासाठी गावोगाव स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. हे काम उभं करणाऱ्या प्रेमा गोपालन. त्यातून पुढे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आकाराला आली. घर बांधणीत गवंड्याला मापं विचारायला शिकलेल्या बायका मग बचत गट, आरोग्य, स्वयंपाकाचं इंधन अशा विषयांकडे वळल्या, आणि शेवटी शेतीकडे.

शेतीकडे यायचं कारण दुष्काळ. २०१२ पासूनच्या चार-पाच वर्षांत मराठवाड्यानं लागोपाठ कोरडे हंगाम पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सोयाबीन जळालं की घरात दाणा नसायचा, कारण दाण्याचं पीक शेतात नव्हतंच. बायकांनी घरात मागणी केली ती साधी होती: सगळं रान तुम्ही बघा, एक एकर आमच्याकडे द्या. काहींना अर्धाच एकर मिळाला, तोही बांधाकडेचा. त्या तुकड्यावर काय पेरायचं हे त्या ठरवणार. त्यांनी तिथं भाज्या, पालेभाज्या, मूग, उडीद, तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी असं थोडं थोडं लावलं. बी शक्यतो घरचं, खत शेणाचं आणि गांडुळाचं, पाणी कमीत कमी. निघालेलं आधी घरात, उरलेलं शेजारी आणि आठवडी बाजारात. याला संस्थेनं एक एकर मॉडेल असं नाव दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं २०१७ चं इक्वेटर पारितोषिक स्वयं शिक्षण प्रयोगाला दिलं. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या.

पुरस्कारापेक्षा या मॉडेलमागचा हिशेब मला जास्त शिकवून गेला. डाळीत शेतकऱ्याला आधीच ६५ पैसे मिळतात, तिथं वाढीला जागा थोडी आहे. भाजीत तो ३३-३६ पैशांवर आहे, म्हणजे शेतकरी स्वतः विकायला बसला तर सर्वात मोठी उडी तिथंच मिळते. आणि भाजी रोजची रोकड देते. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तो पुरुषाच्या हाती येतो आणि बहुतेक वेळा आल्या पावली कृषी केंद्राच्या आणि सोसायटीच्या उधारीत जातो. मंगळवारच्या किंवा शुक्रवारच्या बाजारात मेथी-वांगी विकून आलेले तीनशे-चारशे रुपये बाईच्या कमरेच्या पिशवीत राहतात. त्यातून वह्या येतात, औषध येतं, साखर-चहा येतो. आणि जे विकलं जात नाही ते शिजतं. ज्या बाईला शेतात मजुरीच माहीत होती ती आता काय पेरायचं हे ठरवते, आणि नवरा पुढच्या वर्षी दुसरा एकर विचारात घेतो.

त्याच्याही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात पाणी नसेल तर एक एकरही कोरडाच राहतो. गावातल्या सगळ्याच बायकांनी वांगी लावली तर बाजारात वांग्यांना कुणी विचारत नाही. गटात बसून कुणी काय लावायचं हे वाटून घेतलं जातं तिथंच हे टळतं. शिवाय हा सगळा भार घरकाम, पाणी भरणं, मुलं यांच्यावर चढतो. एक एकरानं बाईचे कष्ट कमी होत नाहीत. त्या कष्टांचा पैसा तिच्याकडे येतो, एवढा फरक पडतो, आणि तो लहान नाही.

औसा तालुक्यातल्या आशिवच्या आसपास पिकणाऱ्या कास्ती कोथिंबिरीचं उदाहरण याच रांगेतलं. दीड महिन्याचं पीक, आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात भाव चढतो तेव्हा जुडीला सोन्याचं मोल. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही. मानांकनाची बातमी आली की गावात पेढे वाटले जातात, ते योग्यच आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, माल विकून देत नाही. शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून, पिशवीवर ते चिन्ह लावून, गिऱ्हाईकाला फरक चाखवून दाखवला तरच त्याचा भाव होतो.

*

स्थानिक बाजार म्हटलं की डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचं सेंद्रिय दुकान येतं. ते दुकान लातूरपासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. जवळचं गिऱ्हाईक त्याहून मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३.८३ लाख होती आणि नांदेडची ५.५० लाख. लातूर शहरातल्या माणसानं दिवसाला ५० ग्रॅम डाळ खाल्ली असं धरलं (पोषणतज्ज्ञांचा सल्ला याहून अधिक आहे), तर शहराला वर्षाला ७,००० टन डाळ लागते. त्यासाठी सुमारे १०,००० टन तूर हवी. हेक्टरी ८-१० क्विंटल धरले तर १० ते साडेबारा हजार हेक्टर. प्रत्येक कुटुंबाचं एक एकर तुरीखाली असेल, तर एकट्या लातूर शहराच्या आमटीवर २५-३० हजार कुटुंबांचं ते एक एकर चालू शकतं. जिल्ह्यातलं तुरीचं क्षेत्र याहून कितीतरी मोठं आहे, म्हणून मोठ्या मिल आणि बाहेरचा बाजार लागणारच. पण २५ हजार कुटुंबं हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

शिवाय लातूरला एक गिऱ्हाईक असं आहे की जे दुसऱ्या जिल्ह्यांना हेव्यानं पाहावं लागेल. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांच्या निकालांतून लातूर पॅटर्न प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रभरातून मुलं इथं अकरावी-बारावीला, नीटच्या तयारीला येऊ लागली. त्यांच्यासाठी शहरात वसतिगृहं, मेस आणि डबे देणारी घरं उभी राहिली. या मुलांच्या ताटात रोज दोन वेळा वरण असतं, भाजी असते, पोळी-भाकरी असते. यातली बरीच मुलं शेतकऱ्यांचीच आहेत. बाप गावाकडे तूर आडतीवर घालतो, त्यातून आलेले पैसे मेसवाल्याला देतो, मेसवाला त्यातून डाळ घेतो. हा पैसा पुरेसा फिरतो, पण शेतकऱ्याच्या गावातून तो एकदाच जातो.

नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबचा लंगर आहे. तो दानावर आणि सेवेवर चालतो, त्याच्याकडे व्यवहार म्हणून पाहायचं नाही. पण एका शहरात दिवसभर हजारो माणसं एका पंगतीत ताजं जेवू शकतात, त्यासाठी लागणारी साठवण, निवडणं, शिजवणं, वाढणं ही सगळी शिस्त तिथं पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. सामूहिक स्वयंपाकघर चालवायचं कसं हे शिकायला नांदेडच्या माणसाला लांब जायला नको.

सरकार स्वतः सर्वात मोठं गिऱ्हाईक आहे. शाळेतला पोषण आहार, अंगणवाडीतला आहार, वसतिगृहं, रुग्णालयं. ब्राझीलनं २००९ मध्ये कायदा करून शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेतीतून होणाऱ्या खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. नगरपालिकांनी मग आपापल्या भागातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या गटांकडून भाजी, फळं, कडधान्यं घेणं सुरू केलं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातले महिला गट आणि मंडळं यांना प्राधान्य द्या असा आदेश दिला होता. शाळांच्या परसबागाही आता अनेक ठिकाणी दिसतात. उरलं आहे ते जिल्हा पातळीवर एक साधं काम: तूरडाळ, मूगडाळ आणि तिखट-हळद या जिन्नसांची खरेदी तालुक्यातल्या गटांसाठी राखून ठेवणं आणि त्यांचे पैसे वेळेवर देणं. वेळेवर देणं हे त्यातलं जास्त अवघड. तीन महिने बिल अडकलं तर कंपनी तग धरते, बचत गट मोडतो.

*

इथून सगळी गोष्ट पैशाच्या वेळापत्रकावर येते. तूर डिसेंबर-जानेवारीपासून घरात येऊ लागते. मेस आणि शाळा जूनमध्ये भरतात. मधल्या पाच महिन्यांत शेतकऱ्याला लग्न, दवाखाना, उधारी यांसाठी रोख हवी असते, म्हणून तो फेब्रुवारीतच माल आडतीवर घालतो. ज्या गटाला ही पाच महिन्यांची दरी भरता येते त्याच्याकडेच जूनमध्ये डाळ असते. यासाठी एक जुनी, विश्वासाची सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज सहा टक्के आणि मुदत सहा महिने. सोयाबीन आणि तुरीसाठी ती फारच उपयोगी आहे. यंत्रासाठी अनुदानाच्या योजनाही आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत. मोठ्या गटांना २००२ च्या कायदेबदलानं शेतकरी उत्पादक कंपनीची वाट खुली आहे. माझा अनुभव सांगतो की योजनेपेक्षा आधी ठरलेलं गिऱ्हाईक जास्त कामाचं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. काय पिकवायचं ते एकत्र बसून ठरवायचं, वर्षभराचा माल घ्यायचा आणि पीक बुडालं तर तोटाही वाटून घ्यायचा. तेईकेई हे त्या पद्धतीचं नाव. लातूरच्या दहा मेसनी फेब्रुवारीत एका गटाला निम्मे पैसे आगाऊ दिले, आणि भाव हमीभाव अधिक भरडाई अधिक ठरलेला नफा असा बांधून घेतला, तर दोघांनाही २०१५ सारखा किंवा २०१७ सारखा धक्का बसत नाही. मेसवाल्याला वर्षभर एकाच भावात डाळ, गटाला उन्हाळ्यात हाताला पैसा.

अडचण एका कागदाची राहते. तारण ठेवायला गेल्यावर सातबारा मागितला जातो, आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं असतं. एक एकर कसणारी, त्यातली तूर भरडून पिशवीत भरणारी बाई स्वतःच्या नावानं पोतं तारण ठेवू शकत नाही. शरद जोशींच्या लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमात शेतकरी संघटनेच्या कितीतरी कार्यकर्त्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती. पुढे शासनानंही त्याच नावाची योजना आणून पत्नीचं नाव सहखातेदार म्हणून लावण्याची वाट सोपी केली. ती वाट आजही आहे. एखाद्या गावातल्या गटाला डाळीचा धंदा सुरू करायचा असेल, तर मिलचं कोटेशन मागवण्याआधी सगळ्या सदस्यांच्या नवऱ्यांना घेऊन तलाठ्याकडे जावं, असं मी सुचवेन. नाव लागलं की गोदामाची पावती बाईच्या नावानं निघते, कर्ज तिच्या खात्यात येतं आणि फेब्रुवारीत तूर विकायची की जूनपर्यंत ठेवायची, हे ती ठरवू शकते.